वाटताना पान उघडं पडलं, तर हातातली पानं खेळायची की टाकायची?

राजेंद्रनगरी

होल्डेम पोकर (प्रत्येकाला दोन बंद पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी) खेळणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. आमच्या गटात यावरून चांगलंच वाजलं आणि अजून मिटलेलं नाही, म्हणून नीट मांडतो.

इंदूरला आम्ही सहा जण रविवारी संध्याकाळी जमतो. पैसे अजिबात लावत नाही. सुरुवातीला प्रत्येकाला १०० प्लॅस्टिकच्या चकत्या, ज्याच्या संपतील त्याने उठून चहा टाकायचा. आमच्यातले काही जण पूर्वी मोबाइलवर खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, ते बंद झालं आणि सगळेच खऱ्या पत्त्यांकडे वळलो. मोबाइलवर पानं संगणक वाटतो, तिथे कुणाचं पान उताणं पडत नाही. माणूस वाटायला लागला की पडतं. त्यातून कॅट नवा, गुळगुळीत असला तर हमखास पडतं.

आता तो डाव. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या चकत्या, १ आणि २. मला सत्तीची जोड आली, किलवर आणि इस्पिक. वाटताना तिसऱ्या जागेवरच्याचं पहिलंच पान उलटलं, बदाम सत्ती. सगळ्यांनी पाहिली. वाटणाऱ्याने वाटप पूर्ण केलं, त्या गड्याला वरचं दुसरं पान दिलं आणि सत्ती बाजूला ठेवली. एकाने ६ चा रेज केला, म्हणजे बोली ६ चकत्यांवर नेली. रेज केल्यावर त्याच्यापुढे साधारण ७० चकत्या उरल्या होत्या, माझ्यापुढे त्याहून जास्त. मधल्यांनी पानं टाकली, माझ्यामागे फक्त ब्लाइंडवाले.

मी सत्त्या टाकून दिल्या. डाव संपल्यावर पानं दाखवली तेव्हा एक मित्र म्हणाला, "५२ मधलं एक पान गेलं, त्याने काय बिघडतं? जोड ती जोड." दुसरे काका म्हणाले, "आपलं पान मेलं की हात मेला." दोघंही ठाम. मला जाणून घ्यायचंय की उघड्या पानाने सुरुवातीच्या हाताचा निर्णय नेमका कधी बदलतो आणि कधी बदलत नाही. अंदाजाने नको, हिशेबाने सांगा.

पलासियाकर

आमच्याकडे सरळ नियम आहे. पान उघडलं की सगळी पानं गोळा करायची, पिसायची, काटायची, परत वाटायची. वादच नाही.

क्षिप्रा_गणित

राजेंद्रनगरी, तुम्ही पानं टाकलीत ते बरोबर. तुमच्या मित्राचं "काय बिघडतं" हेही बहुतेक वेळा बरोबर असतं. या डावात मात्र नव्हतं.

सत्तीसारखी लहान जोड घेऊन आपण रेजला कॉल करतो (तेवढ्याच चकत्या लावतो) ते मुख्यतः फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर आधी उघडणाऱ्या तीन पानांत, तिसरी सत्ती यावी म्हणून. एरवी आपल्याला न दिसणारी पानं ५०, त्यात सत्त्या २. फ्लॉपच्या तीन पानांत निदान एक सत्ती यायची शक्यता ११.७६ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. बदाम सत्ती बाहेर गेल्यावर न दिसणारी पानं ४९ आणि सत्ती एकच. शक्यता ४९ पैकी ३, म्हणजे ६.१२ टक्के. सोळा वेळांत एकदा. जवळजवळ निम्मी झाली.

आता समजा सत्तीऐवजी बदाम राणी उघडी पडली असती. न दिसणारी पानं ४९, सत्त्या दोनच्या दोन. शक्यता ११.९९ टक्के. म्हणजे किंचित वाढली, पण इतकी किंचित की टेबलावर तिचा काही उपयोग नाही. तुमच्या मित्राचं म्हणणं इथे लागू पडतं.

चकत्यांचा हिशेब त्याहून बोलका आहे. ६ चा कॉल करायचा आहे. दर साडेआठ वेळांत एकदा सत्ती येणार, म्हणजे एकदा जिंकून साडेसात वेळांचा तोटा भरून निघायला हवा. ६ गुणिले साडेसात, ४५ चकत्या. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ९ आधीच आहेत (ब्लाइंडच्या ३ आणि रेज करणाऱ्याच्या ६). म्हणजे सत्ती आल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी ३६ निघाल्या की कॉल फुकट जात नाही. त्याच्यापुढे ७० आहेत, तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

सत्ती मेल्यावर एकदा जिंकून सव्वापंधरा वेळांहून थोडा अधिक तोटा भरायचा. ६ च्या हिशेबाने ९२ चकत्या. ९ वजा केल्या तरी ८३. आणि त्याच्यापुढे आहेत ७०! सत्ती आल्यावर दर वेळी त्याच्या सगळ्याच्या सगळ्या चकत्या तुम्हाला मिळाल्या तरी कॉल तोट्याचाच. कधीकधी नुसती जोडही डाव मारून नेते हे मी यात धरलेलं नाही, पण तेवढ्यावर ही दरी भरत नाही.

तुमच्या काकांचं वाक्य मी थोडं बदलेन. हात मेला नाही, हाताचा एक उपयोग मेला. हीच सत्तीची जोड घेऊन समोरचा ८-१० चकत्या उरलेला असताना सगळं पुढे ढकललं असतं, तर तिथे जोडीचीच किंमत असते, तिसऱ्या सत्तीची वाट पाहायची नसते. तिथे उघड्या सत्तीने नुकसान होतं, पण थोडं.

सराफा_रात्री

ताई, मस्त समजलं. मग एक्का-राजा हातात असताना एक्का उघडा पडला तर? मला तर वाटतं चांगलंच झालं, दुसऱ्या कुणाकडे एक्का असायची भीती गेली.

क्षिप्रा_गणित

चांगला प्रश्न आहे, कारण इथे एकच पान दोन्हीकडे काम करतं. तुम्हाला हवं असलेलंही तेच आणि तुम्हाला मारणारंही तेच.

आधी नुकसान. फ्लॉपवर एक्का किंवा राजा यायची शक्यता एरवी ३२.४ टक्के. एक एक्का बाहेर गेला की २८.१. पाचही पानं उघडेपर्यंत धरलं तर ४८.७ वरून ४३.० टक्क्यांवर येते. निम्म्याच्या जवळ होती ती बरीच खाली आली.

आता फायदा. तुमच्या हातात एक एक्का असताना बाकी तीन एक्क्यांच्या तीन जोड्या होऊ शकतात. एक उघडा पडला की दोनच एक्के उरतात, जोडी एकच. तुमच्यासारखाच एक्का-राजा दुसऱ्याकडे असायच्या ९ तऱ्हा होत्या, त्या ६ झाल्या. राजाच्या जोडीच्या तीन तऱ्हा होत्या तेवढ्याच राहिल्या.

म्हणून कसं खेळायचं यावर उत्तर अवलंबून आहे. तुम्ही पहिले रेज करणारे असाल आणि बाकीच्यांनी पानं टाकावीत हा हेतू असेल, तर फारसं काही बिघडत नाही, उलट समोर जबरदस्त हात असायची शक्यता घटली आहे. पण दोघांनी आधीच रेज आणि परत रेज केला आहे आणि तुम्ही कॉल करून एक्क्याची वाट पाहणार असाल, तर तिथे मी पानं टाकीन.

राजाची जोड हातात असताना उघडा पडलेला एक्का मात्र निखळ आनंदाचा. फ्लॉपवर एक्का यायची शक्यता २२.६ टक्क्यांवरून १७.६ वर येते, आणि समोरच्या कुणा एकाकडे एक्क्याची जोड असायच्या ६ तऱ्हांच्या ३ होतात.

अप्पा_बडोदे

आधी उघडलेल्या पानाचं पुढे काय होतं ते ठरवा, मग टक्के काढा. मी बडोद्याचा, आमचा जुना गट आहे आणि आम्ही कार्डरूमचे (पोकरच्या क्लबांचे) नियम वाचून आमचे नियम बसवले.

कार्डरूममध्ये रूढ पद्धत अशी. होल्डेममध्ये वाटणाऱ्याच्या हातून एखादं पान उघडं पडलं तर ते त्या खेळाडूला ठेवता येत नाही. वाटप पूर्ण करायचं, मग कॅटवरचं पान त्याला द्यायचं आणि उघडलेलं पान पहिलं बर्न पान म्हणून वापरायचं. म्हणजे फ्लॉपआधी एरवी जे पान न बघता बाजूला जातं, त्याच्या जागी हे जातं. त्या डावात ते परत येत नाही. राजेंद्रनगरींच्या वाटणाऱ्याने जवळपास हेच केलं.

पण काही वेळा डाव मोडून परत वाटावाच लागतो. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या पोकर स्पर्धा चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या नियमांत, फ्लॉपच्या खेळांमध्ये कॅटवरून निघालेल्या पहिल्या दोन पानांपैकी एखादं वाटणाऱ्याच्या चुकीने उघडलं, किंवा बाकीच्यांपैकी कुठलीही दोन पानं उघडली, तर वाटप रद्द. पहिली दोन सोडून एकच उघडलं तर डाव चालू. आणि खेळाडूंनी चाली केल्या, चकत्या पॉटमध्ये गेल्या, की मग वाटप रद्द करायची मागणी करता येत नाही.

पलासियाकर, तुमचा परत पिसायचा नियम घरच्या खेळाला वाईट नाही, पण त्यात एक भोक आहे. वाटप पूर्ण झाल्यावर उशिरा उघडलं, आणि ज्याने आपली पानं आधीच बघितलीत त्याच्याकडे एक्क्याची जोड असली, तर त्याच्यावर अन्याय होतो. एक्क्याची जोड २२१ वाटपांत एकदा येते. ती हातात आल्यावर दुसऱ्याच्या हातून पान निसटलं म्हणून काढून घ्यायची? मला ते मान्य नाही.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून रामराम. आमच्या इथे तिसरीच पद्धत. उघडं पडलेलं पान परत कॅटच्या मधे खुपसतात, वरवर पिसतात आणि त्या माणसाला नवं देतात. म्हणजे ते पान "मेलं" असं म्हणता येत नाही ना?

क्षिप्रा_गणित

बरोबर पकडलंत. पान परत कॅटमध्ये गेलं तर ते फ्लॉपवर येऊ शकतं. एकच गोष्ट नक्की कळते की ते कुणाच्या हातात पहिल्या वाटपात राहिलेलं नाही, पण बदली पान म्हणून तेच परत जाऊ शकतं. माझ्या हिशेबातले आकडे तिथे लागू होणार नाहीत, सत्तीची जोड जवळजवळ आधीसारखीच राहील.

उलट, जिथे उघडं पान तसंच त्या खेळाडूला ठेवू देतात, किंवा कॅटच्या अगदी तळाला सरकवतात, तिथे ते तुमच्यासाठी मेलेलंच. सहा जणांच्या डावात १२ पानं वाटली, तीन बर्न, पाच टेबलावर, एकूण २०. तळाची ३२ पानं कधी वर येतच नाहीत.

अप्पा म्हणतात ते पटतं. नियम आधी, हिशेब नंतर.

नेमावर_रोड

मला एक वेगळं वाटतं. पान उघडलं, त्याला बदली पान दिलं, आणि बर्नही बदललं, तर सगळा क्रमच एकाने सरकला ना? फ्लॉपवर जी पानं यायची होती ती आलीच नाहीत. गेल्या वेळी माझ्या हातात किलवरची दोन पानं होती आणि बदली दिलेलं पान निघालं किलवर. ते माझ्या फ्लॉपचं होतं असं मला अजून वाटतं.

क्षिप्रा_गणित

वाटणं साहजिक आहे, पण कॅट नीट पिसलेला असेल तर न दिसणारं कुठलंही पान कुठल्याही जागी असायची शक्यता सारखीच असते. क्रम एकाने सरकला तरी तुमच्या फ्लॉपला किलवर यायची शक्यता तेवढीच राहते. सरकल्यामुळे जसं किलवर गेलं तसं कधी सरकल्यामुळेच येतंही. त्या वेळी मात्र आपण क्रमाची आठवण काढत नाही.

तुमच्या डावात मोजायचं असेल तर एवढंच मोजा की उघडं पडलेलं पान कुठल्या रंगाचं होतं. एकाच रंगाची दोन पानं हातात असताना फ्लॉपवर त्याच रंगाची नेमकी दोन पानं येऊन फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) आशा लागायची शक्यता १०.९ टक्के. त्या रंगाचं एक उघडं पडलं तर ९.५. दुसऱ्या रंगाचं पडलं तर ११.३. थेट फ्लश लागायची शक्यता मुळातच ०.८४ टक्के, ती ०.६५ होते. एका पानासाठी रंगाचा हात टाकायची गरज नाही. पण नुसत्या रंगाच्या भरवशावर काठावरचा हात खेळणार असाल, किलवर नव्वी-चौकीसारखा, तर तिथे टाका.

मालूआत्या

तुमच्या पोकरमधलं मला फार कळत नाही, पण दिवाळीत आमच्याकडे तीन पत्तीचा फड बसतो आणि तिथेही पान उघडतं. तिथे काय करायचं? मुलं म्हणतात मोबाइलवर बघितलंय, उघडलेलं पान शुभ असतं.

क्षिप्रा_गणित

आत्या, तीन पत्तीत एक मोठा फरक आहे आणि तो मला फार आवडतो. तिथे तिन्ही पानं हातात आली की तुमचा हात पूर्ण झाला. पुढे एकही पान यायचं नाही. त्यामुळे उघडं पडलेलं पान तुमच्या हाताचं काहीच बिघडवू शकत नाही. ते फक्त दुसऱ्यांच्या हातात काय नाही एवढंच सांगतं.

तुमच्याकडे राजाची जोड आहे आणि वाटताना एक्का उघडा पडून बाजूला गेला, तर एक्क्याची जोड कुणाकडे असायची शक्यता घटली. चाल थोडी निर्धास्त खेळा. तीन एक्के तर आधीच ५,५२५ वाटपांत एकदा येतात. एक एक्का कॅटबाहेर ठेवला तर उरलेल्या पानांत २०,८२५ मध्ये एकदा. शुभ-अशुभ नाही, एवढंच. आणि बंद खेळणाऱ्याने म्हणजे पानं न बघता चाल करणाऱ्याने तर हे पान लक्षात ठेवायलाच हवं, त्याला तेवढंच दिसलेलं असतं.

राजेंद्रनगरी

अप्पा, क्षिप्राताई, फार मोलाचं लिहिलंत. कालच गटात अप्पांचा नियम वाचून दाखवला, सगळ्यांनी मान डोलावली. पण लगेच दुसरा प्रश्न आला. सगळ्यांना दिसलं तर ठीक. एकालाच दिसलं तर? आमच्याकडे काही जण सतरंजीवर बसतात, काही दिवाणावर. वाटणारा दिवाणावर बसून हात उंच धरून वाटतो, त्यामुळे खाली बसलेल्याला सरकणाऱ्या पानाचा खालचा भाग दिसतो.

पलासियाकर

आमच्याकडे काचेची टीपॉय आहे. पान काचेवरून सरकवताना अगदी क्षणभर कड उचलली जाते आणि काचेत राजा-राणीचा रंग स्पष्ट दिसतो. मी एकदा समोर बसून मुद्दाम पाहिलं, तर चित्राची पानं सहज ओळखू येत होती. आकड्यांची नाही, पण काळं की लाल तेवढं कळत होतं. त्या दिवसापासून वर जाड चादर अंथरतो.

अप्पा_बडोदे

हा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. सगळ्यांना दिसलेल्या पानाने कुणावर अन्याय होत नाही, सगळ्यांचा हिशेब सारखाच बदलतो. एकालाच दिसलेलं पान म्हणजे एकाच्याच हातात दिवा. नियम असा ठेवा की एकाला दिसलं ते लगेच सगळ्यांना दाखवायचं. ज्याला दिसलं त्यानेच सांगायचं, "मला दिसलं." न सांगणाऱ्याला मी माझ्या फडावर बसवत नाही. पैसे नसले तरी नाही.

तळाच्या पानाचंही तसंच. वाटणारा कॅट वाकडा धरतो आणि त्याच्या डावीकडच्याला सबंध वेळ तळाचं पान दिसत राहतं. लोकांना वाटतं तळाचं पान येणारच नाही, मग दिसलं तर काय? येणारच नाही हेच तर त्याला कळतं! क्षिप्राताईंनी मेलेल्या सत्तीचा जो हिशेब दिला तोच इथे लागू, फक्त तो एकट्यालाच करता येतो, आणि डावामागून डाव. कसिनोत कॅटच्या तळाला प्लॅस्टिकचं कोरं पान ठेवतात ते यासाठीच. घरी जोकर ठेवा, तो नाहीतरी पडूनच असतो.

वाटताना कॅटचं टोक टेबलाकडे झुकवायचं, पान उचलून फेकायचं नाही, टेबलाला घासत सरकवायचं, आणि सगळ्यांनी एकाच उंचीवर बसायचं. आणि शेव-चिवड्याचे हात पुसून पानांना लावा. तेलाचा एक ठिपका पाठीवर उमटला की ते पान कायमचं उघडं पडलं समजा.

लष्करवाला

काचेचं वाचून आमच्या टेबलावर आजच चादर घातली. दुसरं एक विचारतो. कुणी पान टाकताना त्याचा एक्का चमकला तर? वाटणाऱ्याची चूक नाही, ज्याने टाकलं त्याने दाखवलं.

क्षिप्रा_गणित

तो एक्का मेलेलाच. आधी सांगितलेला हिशेब तसाच लागू. एक चांगला उपयोग सांगते. तुम्ही शेवटी आहात, सगळ्यांनी पानं टाकली, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले, आणि तुमच्या हातात एकही एक्का नाही. त्या दोघांत मिळून निदान एक एक्का असायची शक्यता एरवी २९ टक्के. कुणाचा एक एक्का चमकून गेला असेल तर २३. ब्लाइंड उचलायला रेज करणार होतात आणि मन दोलायमान होतं, तर आता करा.

पण अप्पांचा नियम इथेही. चमकलेलं एकाला दिसलं, तर पान उचलून सगळ्यांना दाखवा, मगच पुढची चाल.

सराफा_रात्री

मग खेळाडूनेच स्वतःचं पान चुकून दाखवलं आणि तो अजून डावात असेल तर? त्याला बदली मिळते का?

अप्पा_बडोदे

नाही. वाटणाऱ्याची चूक असेल तरच बदली. खेळाडूने स्वतः पान पाडलं, उलटवलं किंवा उचलताना दाखवलं, तर ते त्याचंच. तो त्याच पानावर खेळणार आणि सगळ्यांना ते माहीत असणार. नाहीतर नको असलेली दुर्री आली की हात निसटायला कितीसा वेळ लागतो?

राजेंद्रनगरी

हे आमच्याकडे याच रविवारी घडलं. एकाने पानं बघताना इस्पिक एक्का दाखवला, सगळ्यांनी पाहिला, आणि मग त्याने रेज केला. माझ्याकडे राणीची जोड. एरवी मी राणीच्या जोडीला एक्क्याच्या आणि राजाच्या जोडीची भीती धरतो. आता एक्का तर डोळ्यांसमोर दिसतोय. भीती वाढली की कमी झाली? मी कॉल केला. त्याने शेवटी पानं टाकली, त्यामुळे काय होतं ते कळलंच नाही.

क्षिप्रा_गणित

एक्का दिसला म्हणून घाबरायला होतं, पण मोजून बघा.

त्याचं दुसरं पान तुम्हाला न दिसणाऱ्या ४९ पानांपैकी काहीही असू शकतं. त्यात एक्के ३. म्हणजे त्याने रेज करण्याआधी एक्क्याची जोड असायची शक्यता ६.१ टक्के. एरवी कुणा एकाकडे एक्क्याची किंवा राजाची जोड असायची शक्यता तुमच्या हातात राण्या असताना १ टक्क्याहून किंचित कमी असते. तेव्हा नुसतं एवढंच पाहिलं तर भीती सहापट झाली.

पण त्याने रेज केला, आणि खरा प्रश्न आहे तो कशावर रेज करतो. समजा तो अगदी जपून खेळणारा आहे. एक्क्याची जोड, राजाची जोड आणि एक्का-राजा, एवढ्यावरच रेज करतो. एरवी तुमच्या राण्यांसमोर त्याच्या एक्क्याच्या जोडीच्या ६ तऱ्हा, राजाच्या जोडीच्या ६, एक्का-राजाच्या १६. एकूण २८, त्यातल्या १२ तुमच्या पुढे, म्हणजे राण्यांहून वरचढ.

एक्का दिसल्यावर राजाची जोड शक्यच नाही. एक्क्याची जोड ३ तऱ्हांनी, एक्का-राजा ४ तऱ्हांनी. एकूण ७, त्यातल्या ३ तुमच्या पुढे.

२८ पैकी १२ आणि ७ पैकी ३, दोन्ही एकच. अशा माणसासमोर तुमची राणीची जोड होती तिथेच आहे. आणि तो एक्का-गुलाम, एक्का-दश्शी यांवरही रेज करणारा असेल, तर प्रत्येकाच्या ४-४ तऱ्हा वाढून १५ पैकी ३ च तुमच्या पुढे राहतात. तुमचा कॉल बरोबर होता. तो जरा सढळ हाताने खेळणारा असेल तर परत रेज करायलाही हरकत नव्हती.